उकळत्या पाण्याचं तापमान

ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्गातल्या बाकावर बसायची शिक्षा फक्त शिक्षकांच्याच नशिबी असते. विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षणाला आलेले बर्नर सर खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. हे नाव पोरांनी ठेवलेलं, कारण सर चटकन पेटायचे आणि तितक्याच चटकन विझायचे. उभा जन्म प्रयोगशाळेत गेलेला माणूस. बायको गेल्यापासून तर घरी फक्त झोपण्यापुरते जात.

पण डोळ्यांनी दगा दिला होता. नजरेच्या मधोमध एक राखी डाग बसला होता आणि तो चष्म्याने जाणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. सरांनी कुणाजवळ ब्रही काढला नाही. शाळेला कळलं की प्रयोगशाळा हातची जाणार. मग मागे उरणार काय?

प्रशिक्षक बाईंनी टेबलाटेबलावर पाणी उकळायला ठेवलं आणि तापमान लिहायला सांगितलं. सरांना ना पारा दिसला, ना रेघा. त्यांनी ठोकून दिलं, शंभर. पाणी कितीला उकळतं हे शेंबडं पोरही सांगेल.

"कमाल आहे तुमची!" बाई हसल्या. "मी मुद्दाम बिघडलेले तापमापक दिलेत. प्रत्येकाचा आकडा वेगळा. आणि झाडून सगळ्यांनी शंभर लिहिलंत? बघितलं कुणीच नाही?"

हशा पिकला. सगळे ओशाळले. चोरांच्या गर्दीत आपली चोरी लपली म्हणून सरांचा जीव भांड्यात पडला.

"आता दिसतं तेच वाचा. मोठ्याने."

सरांची पाळी आली. ते इतके वाकले की वाफेने चष्मा धुरकटला. तो पुसण्यात त्यांनी जमेल तेवढा वेळ काढला. शेजारी त्यांच्याच शाळेत नव्याने लागलेली शिक्षिका होती, एकेकाळची त्यांचीच विद्यार्थिनी. ती खाली मान घालून पुटपुटली, "ब्याण्णव."

"ब्याण्णव," सर म्हणाले. बाई पुढच्या टेबलाकडे वळल्या.

मधल्या सुट्टीत तिने त्यांना व्हरांड्यात गाठलं. "कधीपासून, सर?"

"काय कधीपासून?" सर खेकसले. ती जागची हलली नाही, तसे सर विझले. "झाले बरेच महिने. कुणाला सांगू नकोस, बाळ. एवढं कर माझ्यासाठी."

"आम्ही अ‍ॅसिड ओतायला लागलो की तुम्ही अगदी खेटून उभे राहायचात, सर. थेंब उडायच्या आत हात धरायचात." ती आणखी जवळ सरकली. "आता पोरांच्या हातात बाटली असेल, तेव्हा कोण बघणार?"

सरांना रागसुद्धा आला नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

"मुख्याध्यापकांना तूच सांग," ते म्हणाले. "मी गेलो, तर पुन्हा खोटंच बोलेन."