हिल्का तेर्वोचा बिल्ला

हिल्काचे वडील होड्या बांधत. त्यांच्या होडीत थेंबभर पाणी शिरत नाही, असं सगळ्या तळ्याकाठी बोललं जाई. पण कुणी तोंडावर तसं म्हणालंच, तर ते रंध्याकडे बघत पुटपुटायचे, "तरंगते." बस, एवढंच. आपल्या तोंडानं आपली स्तुती केली की घरभर घाण वास सुटतो, हे त्या मुलखातली पोरं चालण्याआधी शिकतात.

हिल्काही तेच शिकून एकावन्न वर्षांची झाली. त्यातली सव्वीस वर्षं गावच्या वृद्धाश्रमात गेली, आठवण हरवलेल्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालण्यात, भरवण्यात, त्यांच्या कवळ्या शोधण्यात. दोन वर्षांपूर्वी तिनं नोकरी सांभाळून परिचारिकेच्या पदवीसाठी विद्यापीठात नाव घातलं. मे महिन्यात आश्रमाची मुख्य परिचारिका निवृत्त होणार होती, आणि ती जागा हिल्काला हवी होती; त्यासाठी तोवर पदवी हातात हवी. देवाजवळ तिनं ती मागितली नव्हती, नुसती त्याच्या कानावर घातली होती.

विद्यापीठानं एक सोय काढली होती. जे काम आधीच येतं त्याचा वर्ग करायला नको. कॉम्प्युटरवर अर्ज भरायचा, पुरावा जोडायचा, की डिजिटल बिल्ला मिळतो आणि तेवढा अभ्यास झाला असं धरतात. हिल्कानं 'स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांशी संवाद' या बिल्ल्यासाठी अर्ज केला. तो नाही मिळाला तर शहरात आठ आठवड्यांचा वर्ग, तोही पुढच्या शरदात. म्हणजे मे हातचा गेलाच.

पहिल्याच चौकटीत विचारलं होतं, आपलं कौशल्य आपल्या शब्दांत सांगा. हिल्कानं लिहिलं, 'जमतं तसं करते.'

तीन दिवसांनी अर्ज परत आला. विद्यार्थिनीनं स्वतःच आपली पातळी प्राथमिक असल्याचं कळवलं आहे, सबब बिल्ला देता येत नाही.

बरोबर काम करणारी रायली कॉफी पिता पिता हसून ठसकली. "बस आता पोरीसोरींच्या बाकावर. म्हातारीचा हात कसा धरायचा ते शिकवतील तुला."

"तू काय लिहिलं असतंस?"

"मी? मी तर अर्जच भरला नसता."

हिल्कानं अर्ज तपासणाऱ्या शिक्षकाला फोन लावला. सान्तेरी त्याचं नाव, तिच्या थोरल्या लेकीच्या वयाचा.

"अगं, 'मी तज्ज्ञ आहे' असं लिही आणि पुन्हा पाठव," तो म्हणाला. "सगळे तसंच लिहितात. सुट्टीत तीन आठवडे काम केलेली मुलंसुद्धा."

"आणि त्यांना बिल्ला मिळाला?"

"मिळाला."

"मग मला तसला नको. तुमच्या नियमांत अगदी तळाशी लिहिलंय, परीक्षकानं हवं तर प्रत्यक्ष काम बघावं. तू ये आणि बघ."

"ते कधी कुणी मागत नाही."

"मी मागतेय ना."

गुरुवारी तो आला, पांढराशुभ्र सदरा घालून. त्या वेळी आश्रमातली आउने दाराशी उभी होती. वय अठ्ठ्याऐंशी, सगळा जन्म गोठ्यात गेलेला. केस धुवायचे होते, पण ती कुणाला हात लावू देईना. गाई हंबरताहेत, मला जाऊ द्या, एवढाच धोशा.

सान्तेरी पुढे झाला. "आउने, इथे गाई नाहीत. आज गुरुवार आहे, आणि तू वृद्धाश्रमात आहेस."

आउनेनं हातातली कॉफी त्याच्या सदऱ्यावर फेकली.

"निवली होती, नशीब तुझं," हिल्का त्याला म्हणाली. मग आउनेच्या शेजारी दाराला पाठ टेकून उभी राहिली. घाई नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मालकीणबाई, काळीनं आज दूध चोरलं."

"ती चोरतेच," आउने म्हणाली. "तिचं वासरू लहान आहे."

"म्हणून मी थोडं ठेवलं वासरासाठी. बाकीच्यांचं काढून झालंय. पण उद्या चर्चला जायचं, आणि तुमच्या केसांना गोठ्याचा वास."

आउनेनं केसांची बट नाकाशी नेली. "येतो खरा," म्हणाली, आणि आपणहून मोरीकडे चालू लागली. पाणी डोक्यावर पडताना हिल्का एक स्तोत्र गुणगुणत होती. दुसऱ्या कडव्यापासून आउनेही गाऊ लागली, एक शब्द न चुकता.

सान्तेरी ओल्या सदऱ्यानिशी दारात उभा होता. केस धुऊन झाल्यावर म्हणाला, "बिल्ला मी देतो. फक्त ती पहिली ओळ बदल. तिथे 'उत्तम' लिही, नाहीतर कॉम्प्युटर अडवेल."

"नाही बदलणार."

"हिल्का, एक शब्द."

"तू जे पाहिलंस ते तुझ्या शब्दांत लिही आणि खाली तुझी सही कर. माझ्या तोंडी घालू नकोस. कॉम्प्युटर अडवतो तर तू सोडव, ते तुझं काम." एवढं बोलून ती आउनेचे केस पुसू लागली.

सोडवायला त्याला अकरा दिवस लागले. बिल्ला आला, निळा, गोल. खाली सान्तेरीचा पानभर मजकूर आणि सगळ्यांत वर हिल्काचे तीन शब्द, जसेच्या तसे.

पदवी पुरी व्हायला आणखी दोन बिल्ले बाकी होते. हिल्कानं लगेच दुसरा अर्ज उघडला, पहिल्या चौकटीत 'जमतं तसं करते' लिहून पाठवला, आणि सान्तेरीला निरोप धाडला, "येताना जादा सदरा आण."