डोळे मिटून तपासलेले बाण

नानांवर मी लिहावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांच्याकडे तिरंदाजी शिकून पुढे मोठ्या स्पर्धांना गेलेली मुलं नाशकात आहेत. मी त्यांच्यातला नव्हे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे वर्तमानपत्राच्या पुरवणीत कसं लिहितात हे विचारायला घरी कुणी नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं एवढं मला कळतं, पण ते माझ्याच्यानं होणार नाही... म्हणून आधीच माफी मागतो. नानांच्या मुलीनं, सुनंदाताईंनी सांगितलं, "तू बी.ए. करतोस ना, मग तूच लिही. आणि जे आहे ते लिही." त्यांच्या त्या शब्दावर लिहितो आहे.

नाना गेल्याचं मला तिरंदाजीच्या ग्रुपवर कळलं. निफाडच्या स्टँडवर मी बसची वाट बघत होतो. निरोपाखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मीही हात टाकायला बोट नेलं आणि मागे घेतलं. त्या माणसाचा जिना चढून मला दोन वर्षं होत आली होती. घरी गेलो तेव्हा आई द्राक्षाच्या बागेतून येऊन पाय धूत होती. तिला सांगितलं. "कोन, तो बाण मोडनारा का?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. "बरं," म्हणाली, आणि पायावर पाणी ओतत राहिली.

नानांचं घर पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या बोळात. वर एक खोली होती, तिथे आम्ही बांबूच्या काड्या शेगडीवर शेकून सरळ करायचो, पिसं मधोमध चिरायचो, डिंकानं चिकटवून वर दोरा गुंडाळायचो. नानांचा नियम एकच होता. विकतचा बाण आणलेला मुलगा मैदानावर उभा राहायचा नाही. ज्यानं त्यानं आपले बाण घरी, आपल्या हातानं करायचे. पहिल्या दिवशी मी निफाडजवळच्या खेड्यातला आहे असं सांगितल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "द्राक्षाच्या गावचा आणि इतका वाळलेला? मग तू बेदाणा." पोरं हसली. माझं नाव त्यांनी नंतर कधीच घेतलं नाही. मला वाटायचं, एखादा बाण चांगला झाला की घेतील...

खिडकीच्या दोन बाजूंना दोन पत्र्याचे डबे होते. एकात पक्ष्याच्या डाव्या पंखाची पिसं, दुसऱ्यात उजव्या. डाव्या पंखाचं पीस एका बाजूला वळतं, उजव्याचं दुसऱ्या. एका बाणावर तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची लागतात, नाहीतर बाण हवेत लटपटतो. नाना हे डोळ्यांनी बघत नसत. डोळे मिटून अंगठा पिसावरून बुडापासून टोकापर्यंत फिरवायचे आणि म्हणायचे, "डावं." नवीन पोरांसमोर हा त्यांचा खास खेळ असे. आम्ही पाठीमागून पिसं हातात द्यायचो आणि ते ओळखायचे. चुकलेले मी तरी पाहिले नव्हते. त्याची मला भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा.

माझ्या तिथल्या शेवटच्या वर्षी आणखी एक गोष्ट पोरं कौतुकानं सांगायची. चिकटवलेल्या पिसाला आकार द्यायला तापलेली तार वापरतात. पिसाची कड जळत जाते, खोलीभर केस जळाल्यासारखा वास सुटतो. एकदा नानांचा अंगठा त्या तारेला टेकला आणि तसाच राहिला. "नाना, हात!" असं माझा मित्र अक्षय ओरडला तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. अंगठ्याला टरटरून फोड आला होता. "तुमच्यासारखं लोण्याचं बोट नाही हे," नाना म्हणाले. आम्ही सगळे भारावलो. मी सुद्धा.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी बाण केले. विद्यापीठाच्या संघाची निवड जवळ आली होती आणि संघात आलो तर कॉलेज पुढची फी माफ करेल, असं सर म्हणाले होते. शेजारच्या गावात एकजण टर्की पाळतो, त्याच्याकडून पिसं आणली. सोड्याच्या पाण्यात धुतली, पाटीवर वाळवली. डावी एका सुपात, उजवी दुसऱ्या सुपात. उंबऱ्यावर बसून मी पीस धरायचो आणि आई दोरा ताणून द्यायची. "लय ताणू का?" विचारायची. बागेत वेल बांधून तिचा हात तयार होता, एक वेढा सैल पडला नाही. मी प्रत्येक बाण उजेडात धरून पाहिला, पुन्हा पाहिला. इतकं काळजीनं मी परीक्षेचा पेपरही कधी तपासला नसेल.

निवडीच्या आदल्या दिवशी ते बाण नानांना दाखवायला नेले. अंगणात सगळी पोरं होती. नानांनी पहिला बाण घेतला, डोळे मिटले, अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग म्हणाले, "मिसळलंय." गुडघ्यावर ठेवून पिसांपाशीच कडकन मोडला. दुसरा घेतला. "हाही." मी म्हटलं, "नाना, मी निवडून लावलीत पिसं." "डावं-उजवं कळत नाही आणि पदवी घेणार हा बेदाणा!" पोरं हसली, अक्षय सोडून. मला रडू येत होतं, तरी बोललो, "एकदा डोळे उघडून बघा की, नाना." त्यावर त्यांनी डोळे उघडले, पण बाणाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "डोळे तुम्हाला लागतात," म्हणाले, आणि उरलेले सगळे बाण एकेक करून मोडले. आईनं बांधलेले दोरे तुटले नाहीत. मोडलेल्या काड्या त्या दोऱ्यांना लोंबत राहिल्या.

निवडीला मी अक्षयचे बाण घेऊन उभा राहिलो. माझे हात लांब, त्याचे बाण मला आखूड. संघात नाव आलं नाही. फी भरायला मी पुढे सकाळी पेपर टाकू लागलो, त्याचं दुःख नाही. पण माझ्या हातावरचा माझा विश्वास गेला. आपण नीट बघितलं असं आपल्याला वाटतं आणि ते चुकीचं असतं... हे प्रत्येक ठिकाणी आड येऊ लागलं. परीक्षेत बरोबर उत्तर खोडायचो. आईनं विचारलं, "परत कवा करायचे बाण?" मी म्हटलं, "नाय करायचे." धनुष्य माळ्यावर टाकलं. एक सवय मात्र सुटली नाही. रस्त्यात कबुतराचं पीस दिसलं तरी मी उचलतो आणि ते कुठल्या पंखाचं ते बघतो. बघितल्यावर पुन्हा बघतो. ही सवय नानांनी माझ्यात ठेवली, आणि पीस हातात आलं की मला त्यांचा राग येतो. ते मेल्यामुळे तो कमी झालेला नाही.

गेल्या आठवड्यात सुनंदाताईंनी फोन करून बोलावलं. खोली रिकामी करायची होती. दोन्ही डबे खिडकीशी तसेच होते. "घेऊन जा हे," त्या म्हणाल्या. मी नको म्हटलं. चहा दिला आणि त्या समोर बसल्या. नानांची साखर किती वाढली होती ते सांगू लागल्या. पायांची बधिरता आधी आली, मग बोटांची. शर्टाचं बटणही त्याच लावून द्यायच्या, पण हे बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही अशी नानांची ताकीद होती. मला तार आठवली, अंगठ्यावरचा फोड आठवला. मी कप खाली ठेवला.

"त्या दिवशी तू गेल्यावर," ताई म्हणाल्या, "बाबांनी अंगणातले तुकडे गोळा केले. इथे खिडकीत आणून, चष्मा लावून बघत बसले. म्हणाले, 'सगळे बरोबर होते गं.' मी म्हटलं, मग सांगा त्याला, उद्या त्याची निवड आहे. नाहीतर मी फोन करते..."

"मग?" मी विचारलं.

"म्हणाले, 'बेदाण्याला सांगू नकोस. डोक्यावर बसेल.'"