आठव्या फोटोची सकाळ

तलावाच्या पाळीवर ते रोज पहाटे माझ्या आधी पोचलेले असत. तहसील कचेरीतले कारकून, कानांवर मफलर, गळ्यात पेटीसारखा कॅमेरा. एका रोलात आठच फोटो निघत आणि नवा रोल नागपूरहून मागवावा लागे, म्हणून आभाळ मनासारखं उजाडल्याशिवाय ते बटण दाबत नसत. "आज नाई जमत जी," म्हणत आणि कॅमेरा पिशवीत घालून कचेरीची वाट धरत. मी सगळ्या कामांच्या याद्या करणारी बाई, मला त्यांची ही शिस्त फार आवडे.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांना जाड भिंगांचा चष्मा मिळाला, तेव्हा पहिल्याच सकाळी मी त्यांना पाळीवर नेलं. त्या दिवशी ढगांच्या कडा पेटल्या, पाणी तांबडं झालं, बगळेसुद्धा तांबडे दिसू लागले. कारकुनांकडे आठवा, शेवटचा फोटो उरला होता. दोन महिने त्यांनी तो अशाच सकाळीसाठी राखला होता.

त्यांनी सूर्याकडे पाठ केली आणि कॅमेरा बाबांवर रोखला.

"अहो, सूर्य तिकडे आहे!" मी ओरडले.

"दिसून राह्यला ना बाई मले. तो उद्याबी येते. तुमी जरा बाजूले सरका, सावली पडून राह्यली."

बाबांना कशाचंच भान नव्हतं. "केवढा आहे गं!" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

पंधरा दिवसांनी कारकुनांनी फोटो आणून दिला. "एकात दोन सापडले जी," ते म्हणाले.

फोटोत बाबांचं तोंड उघडंच राहिलं आहे, आणि चष्म्याच्या दोन्ही भिंगांत एकेक सूर्य उगवला आहे.