राखेच्या विटांचा ओटा

दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं आणि मी वाकून कुलूप आत ठेवत होतो, तेवढ्यात पूजाचा फोन आला. पूजा म्हणजे सुधाकरची मुलगी. एवढ्या सकाळी तिचा फोन येतो तो सिमेंटच्या गाडीसाठी, म्हणून मी काही न ऐकताच सांगून टाकलं, की गाडी दुपारी येते बेटा. ती म्हणाली, "काका, बाबा गेले." ...मी शटर तसंच अर्ध्यावर सोडून मोटारसायकल काढली आणि किन्हीराजाच्या रस्त्याला लागलो. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, पायात दुकानातल्या सपाता होत्या. सुधाकर पहाटे उठून पाणी प्यायला, पुन्हा आडवा झाला आणि उठलाच नाही, एवढीच हकिकत. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला. गावातले दोघंचौघं मात्र "शेवटी राखेनंच खाल्लं" असं कुजबुजत होते. सुधाकर जिवंत असताना जी माणसं जे बोलायची तेच ती त्याच्यामागेही बोलणार, त्यांच्यावर चिडून काय मिळतं? पण मी चिडलो. महिना होऊन गेला, अजून चिडलेलोच आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातला बराचसा राग माझा माझ्यावरच आहे. तो का, हे सांगायलाच लिहायला बसलो.

मी मालेगावात लोखंड-सिमेंटचं दुकान चालवतो. मालेगाव म्हणजे आमचं, वाशीम रस्त्यावरचं; नाशिककडचं नव्हे. सुधाकर किन्हीराजाचा, शेतकऱ्याघरचा, पण शाळेला रोज एसटीनं मालेगावात यायचा आणि संध्याकाळची गाडी चुकली की हक्कानं आमच्याकडे जेवायचा. आम्ही जैन, आमच्यात दिवस मावळायच्या आत पानं मांडली जातात. त्यामुळे त्याची गाडी कधीकधी मुद्दाम चुकायची असा मला संशय होता. माझ्या आईचा त्याच्यावर भारी जीव. मी भाकरीला नाक मुरडायचो आणि तो तीच भाकरी तिखटमिठाशी खाऊन "काकू, अजून अर्धी" म्हणायचा. असा पोरगा कोणत्या बाईला आवडणार नाही?

शिकून तो शेजारच्या जिल्ह्यातल्या एका औष्णिक वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला लागला. कोळसा जळतो, वीज होते आणि मागे राख उरते. त्याचं काम त्या राखेच्या बाजूला. पहिल्या दिवाळीला घरी आला तेव्हा फराळाच्या आधी त्यानं माझ्या काउंटरवर एक पिशवी उघडली. आत राख. मी म्हटलं, सणासुदीचं हे काय आणलंस? तो म्हणाला, आधी हात लाव. हात लावला तर लहान लेकराच्या पावडरीसारखी मऊ. त्यानं चिमूट घेतली, अंगठा आणि बोटामध्ये चोळली, डोळे बारीक करून पाहिली. ही चोळून पाहायची सवय त्याला तिथं लागली ती शेवटपर्यंत राहिली. "डोंगराएवढी पडून राह्यली, अशोक," तो म्हणाला. "अन् इकडं आपून विटांसाठी वावराची माती खरडून राह्यलो." त्याच्या वडिलांनी एका नडीच्या वर्षी वावराची वरची माती वीटभट्टीला खरवडून दिली होती. पुढं कित्येक वर्षं त्या तुकड्यात सोयाबीन गुडघ्याच्या वर गेलं नाही. सुधाकरच्या मनात ते रुतून बसलं होतं. राखेचं वेड त्याला त्या वावरातून लागलं, वीज केंद्रातून नव्हे, असं मला वाटतं.

काही वर्षांनी तो नोकरी सोडून परत आला आणि मेडशीच्या रस्त्याला त्यानं टिनाचं शेड टाकलं. टँकरनं राख यायची, खडीच्या खाणीवरून दगडाची चुरी यायची. ती चुरीही तिथं नकोशीच पडलेली. त्यात थोडं सिमेंट आणि चुना कालवायचा, यंत्रात दाबायचं, की करड्या रंगाची वीट तयार. भट्टी नाही, धूर नाही. आगीऐवजी पाणी, तीन आठवडे रोज पाणी मारायचं आणि वीट आपोआप घट्ट होत जायची. कामावरच्या बायामाणसांना नाकातोंडाला ओला रुमाल बांधल्याशिवाय तो राखेजवळ जाऊ द्यायचा नाही, आणि त्यापायी त्याची रोज कुणाशी तरी वादावादी. दोन विटा कानाशी धरून एकमेकींवर आपटायचा आणि आवाज ऐकायचा. पुढंपुढं ही खोड इतकी वाढली, की कुणाच्याही घरी गेला तरी आत पाऊल टाकताना बोटाच्या पेरानं भिंत ठोकून पाहायचा. माझी बायको म्हणायची, भाऊजी आले की माणसं सोडून भिंतीची खुशाली विचारतात.

वीट चांगली होती. घेत कोणी नव्हतं. मजबुती कोणी विचारलीच नाही. लोक म्हणायचे, राख? घरात? राख असते ती मसणात. नवीन घराच्या भिंतीत राख घालायची म्हणजे अवदसाच बोलावणं की! सुधाकर शांतपणे उत्तर द्यायचा, "कपाळाले अंगारा चालते, मंग भिताडाले राख काहून नाई चालत?" लोक हसायचे, चहा प्यायचे आणि लाल विटा घेऊन जायचे. माझ्या आईनं मात्र पहिल्याच दिवशी निकाल दिला होता. मूग वर्षभर टिकावा म्हणून ती त्याला चुलीतली राख चोळून ठेवायची. म्हणाली, राखेतला मूग पोटात जातो तेव्हा कोणाला मसण आठवत नाही, आणि वीट लावताना बरं आठवतं!

त्याच सुमारास मी नवीन घर बांधायला काढलं. सुधाकर दुकानात आला, नेहमीसारखा स्टुलावर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे काही मागितलं. "तुह्या घराले माही वीट लाव, अशोक. तू सिमेंटवाला आहेस. तू लावली तं तालुका लावते." खरंच होतं ते. दुकानदार स्वतःच्या घराला काय वापरतो याच्यावर गिऱ्हाइकाचा डोळा असतो. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. त्यानं माझ्या घरासाठी म्हणून चुना जरा जास्त घालून उजळ रंगाच्या वेगळ्या विटा पाडायला घेतल्या. पूजा तेव्हा शाळेत होती, ती सुटीत येऊन त्यांच्यावर पाणी मारायची.

आणि मग मेडशीची भिंत पडली. एका शेतकऱ्यानं धीर करून गोदामाला राखेच्या विटा घेतल्या होत्या. मिस्त्री जुना, हुशार, पण हात लाल विटेवर बसलेला. लाल वीट तहानलेली असते, तिला हौदात चांगली भिजवावी लागते. त्यानं याही विटा सवयीनं रात्रभर हौदात टाकल्या. राखेची वीट मुळात पाणी कमी पिते, तिला लावायच्या आधी नुसता शिडकावा पुरतो. चिंब विटेला सिमेंटचा मसाला धरेना. कंबरेएवढी आलेली भिंत संध्याकाळी सरकली आणि आडवी झाली. कोणाला लागलं नाही हे नशीब. सुधाकर दुसऱ्या दिवशी तिथं गेला, पडलेल्या विटा एकेक ठोकून पाहिल्या, एकही फुटली नव्हती. मिस्त्रीला त्यानं शब्दानं दुखावलं नाही. स्वतः थापी हातात घेतली आणि त्याच विटांनी, त्याच मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून ती भिंत पुन्हा उभी केली. ती आजही उभी आहे. पण पडलेली भिंत अख्ख्या तालुक्यानं ऐकली, उभी राहिलेली पाहायला कोण जातंय?

माझ्या दुकानात आठ दिवस हीच चर्चा. "शेट, तुमी पण तेच लावून राह्यले म्हणे?" असं कोणी विचारलं की मी बिलबुकात डोकं घालायचो. चूक विटेची नव्हती हे मला माहीत होतं. सिमेंट विकणाऱ्याला ते कळणार नाही तर कोणाला? तरी मी घाबरलो. घरासाठी नाही, दुकानासाठी घाबरलो. लाल विटा सांगून टाकल्या आणि सुधाकरला म्हणालो... काय म्हणालो ते आता लिहूनच टाकतो. मी म्हणालो, "माह्या मनात होतं रे, पण आई नाही म्हणते. म्हाताऱ्या माणसाचं मन कसं मोडू?" आईला मी विचारलंसुद्धा नव्हतं. सुधाकरनं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. "काकू नाई म्हणत असन तं राहू दे," एवढंच म्हणाला आणि चहा संपवून गेला. मला वाटलं, सुटलो.

घर झालं. लाल विटांचं. त्यानंतर महिनाभरात एके दिवशी दुकानातून घरी आलो तर सुधाकर मागच्या अंगणात उकिडवा बसून ओटा बांधत होता. आई बाजूला खाट टाकून देखरेख करत होती. तिला धान्य निवडायला बसण्यासाठी ओटा हवा होता, तिनं त्याला सांगितलं, त्यानं विटा आणल्या. माझ्यासाठी पाडलेल्याच त्या विटा, हे मी रंगावरून ओळखलं. आता आई काही बोलेल, हा काही विचारेल आणि माझं पितळ उघडं पडेल... पण दोघंही पापडाच्या गोष्टी करत होते. जाताना सुधाकर आईला बजावून गेला, की ओट्यावर रोज सकाळी पाणी मारजा. कधीपर्यंत मारायचं ते सांगायचं विसरला. आईनं ते व्रतासारखं धरलं. रोज आंघोळ झाली की एक लोटा ओट्यावर. वर्षभरानंतर त्याला कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. मी म्हटलं, सांग ना तिला आता बंद कर म्हणून. तो म्हणाला, मारू दे, काही बिघडत नाई.

पुढची अकरा वर्षं काही कथा-कादंबरीसारखी नाहीत. हळूहळू वीट चालायला लागली. आधी कुंपणाच्या भिंती, मग गोठे, मग घरकुलं. मीही दुकानात नमुन्याला ठेवली आणि गिऱ्हाइकाला तोंडभरून सांगू लागलो, जसा काही मीच शोध लावला होता. माझ्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला दरसाल ओल येते, पोपडे निघतात. सुधाकर आला की त्याच भिंतीशी थांबायचा, ठोकायचा, पण कधी एक शब्द बोलला नाही. मला वाटायचं, बिचाऱ्याला काही माहीत नाही. शेवटचा आला तोही असाच, जायच्या चार-पाच दिवस आधी. आईच्या गुडघ्यासाठी तेलाची बाटली घेऊन. ओट्यावर बसण्याआधी त्यानं पेरानं दोनदा ठोकलं, कान दिला आणि मग बसला. मी गिऱ्हाइकाच्या फोनवर होतो. हात हलवून निरोप दिला. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही सावडायला गेलो. पूजा आली होती, तिला कोणी अडवलं नाही. शेड आता तीच चालवते. राख गोळा करता करता तिनं चिमूटभर उचलली आणि अंगठा-बोटामध्ये चोळून, डोळे बारीक करून पाहिली. अगदी बापासारखी. आपण काय करतोय हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती जी खाली बसली, ती तिला उठवायला तिघं लागले. माझ्याच्यानं तिच्याजवळ जाववलं नाही.

घरी येऊन आंघोळ करून मी ओट्यावर आईशेजारी बसलो. आई पंच्याऐंशीची झाली, ऐकू कमी येतं, पण डोकं शाबूत आहे. पोटात मावेना म्हणून मी बोलून गेलो, की आई, मी त्याची वीट घराला लावली नाही, तुझं नाव सांगून त्याला फसवलं. वाटलं, चिडेल. ती ओट्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "त्याले मालूम होतं. ओटा बांधाले आला तवा त्यानं मले इचारलं, काकू, तुमी नाई म्हणलं होतं का? मी म्हटलं, मले कोणी इचारलंच नाई बावा." पुढं काय झालं, मी विचारलं. "पुढं काय... हसला. म्हणे, अशोकले सांगू नका, तो दुकानात बसते, त्याले लोकाईचं भेव असते."

अकरा वर्षं. आमच्या घरी जेवला, माझ्या ओल्या भिंतीशी थांबला, माझ्या दुकानातून सिमेंट नेलं, पूजाच्या लग्नात मला पहिल्या पंगतीत बसवलं. माझं भित्रेपण त्यानं माझ्यापासूनसुद्धा झाकून ठेवलं. भांडला असता तर बरं झालं असतं रे, सुधाकर. एकदा तरी भांडायचं होतंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आंघोळ करून आली. गुडघे दुखत होते, वाकवत नव्हतं. तिनं लोटा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आज तू मार." मी खाली बसलो. आधी पेरानं दोनदा ठोकलं, कान दिला. आवाज खणखणीत होता. मग पाणी ओतलं. या ओट्याला पाण्याची काही गरज उरलेली नाही, हे सिमेंटवाला म्हणून मला पक्कं ठाऊक आहे. मी उठलो आणि दुसरा लोटा भरून आणला.