मेक्सिकोच्या गव्हर्नरांची एकच टर्म

“ह्यांना नेमलं कुनी?” पहिल्या रांगेतल्या शेतकऱ्यानं विचारलं, आणि माझी गाडी तिथंच अडली.

घोळ शब्दाचा होता. पाहुणे मेक्सिकोतल्या एका राज्याचे गव्हर्नर. ओळख करून देताना मी ‘राज्यपाल’ म्हणालो. आपल्याकडे राज्यपाल नेमतात, म्हणून तो प्रश्न. साठच्या दशकातली गोष्ट. फलटणकडच्या एका साखर कारखान्यावर सभा होती. मी सरकारी प्रसिद्धी खात्यातर्फे दुभाषी. काम सरळ असतं: वक्ता थांबला की तेच मराठीत सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही.

माझा जीव मात्र सांगलीत अडकला होता. बायको तिथं शिक्षिका, मी साताऱ्यात खानावळीच्या आमटीवर. सांगलीच्या बदलीसाठी वर शब्द टाकायचं कारखान्याच्या चेअरमननी कबूल केलं होतं.

मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. गव्हर्नर हसले. “नेमलं? मी निवडून आलोय!” त्यांचे वडील ऊसतोडणीला जायचे. हे आधी शाळामास्तर, मग गावचे मेयर, म्हणजे नगराध्यक्ष, आणि मग गव्हर्नर. थोडक्यात आपल्या मुख्यमंत्र्यांसारखे. लोक सावरून बसले.

“टर्म सहा वर्षांची,” ते पुढं म्हणाले. “एकदाच. पुन्हा त्या खुर्चीत बसायचं नाही, असा आमचा कायदाच आहे.”

चेअरमनना इंग्रजी चांगलं कळायचं. कारखान्याची निवडणूक तोंडावर होती. ते माझ्या कानाशी लागले. “ते शेवटचं ऱ्हाऊ द्या.”

पण गव्हर्नर माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते. सांगून टाकलं.

“लय झ्याक कायदा हाय!” तोच शेतकरी उठला. “आवं, आमच्या चेअरमनसायबास्नीबी समजावून सांगा म्हनावं!”

मंडप हसून लोटपोट.

“काय म्हणतोय तो?” गव्हर्नरांनी विचारलं.

“कारखाना आवडला म्हनतोय, असं सांगा,” चेअरमन हसऱ्या तोंडानं पुटपुटले.

मी शब्दन् शब्द सांगितला. गव्हर्नरांनी चेअरमनच्या पाठीवर सणसणीत थाप मारली. “चला माझ्याबरोबर! मुदत संपली की मीही ऊसच लावणार आहे.” तेही मी मराठीत सांगितलं. आता थांबवत नव्हतं.

चेअरमन बिनविरोध निवडून आले. माझी बदली झाली, पण माण तालुक्यात, दहिवडीला. तिथं मी शेळ्या-मेंढ्यांच्या योजनांची पत्रकं लिहीत बसलो.

“एक वाक्य गिळता आलं नाही तुम्हाला?” बायको म्हणाली.

नाही आलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. नव्या दुभाष्यांना मी एवढंच सांगतो: भाषांतर चोखच करा, फक्त बदलीचा अर्ज आधी मंजूर करून घ्या.