जांभळ्या सोन्याचे टॉप्स

बातमी आली तेव्हा मी मनवेलपाड्यातल्या आमच्या दुकानात एका नवरदेवाला समजावत होते की व्हाइट गोल्ड म्हणजे चांदी नव्हे. फोन माझ्या नवऱ्याचा, सुधीरचा; बोलणारा भलताच. "तुमचे मिस्टर रस्त्यात कोसळले. गेले." मी "बरं, येते" म्हणाले आणि आधी नवरदेवाला समजावून संपवलं! सोनाराची बायको होऊन काउंटरवर बसलं की किस्से साठतातच. हवेत की नकोत, कोणी विचारत नाही.

गास गावच्या एका काकूंना सुधीरने सुनेसाठी रोझ गोल्डची चेन दाखवली.

"सोन्याला तांब्याचं पानी दिलंस काय रे?"

"पाणी नाही काकू, आतूनच तांबं आहे."

"मग भांडीवाल्याकडंच गेले नसते?"

"तुमच्या पाटल्यांतही थोडं आहे. फक्त ते तोंड उघडत नाही!"

काकूंनी पाटल्या पदराखाली घेतल्या.

नायगावच्या टॉवरमधला एक साहेब वर्षभराने चिडून आला. व्हाइट गोल्डच्या अंगठीचा वरचा पांढरा मुलामा झिजला होता. "पिवळी पडली हो!"

सुधीर म्हणाला, "अभिनंदन! आता लोकांना सोनं वाटेल."

मग सुधीरला जांभळ्या सोन्याचं वेड लागलं. सोन्यात ॲल्युमिनियम मिसळायचं; रंग पिकल्या जांभळाचा, स्वभाव काचेचा. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मला टॉप्स करणार होता. पहिला तुकडा तयार झाला आणि सोनाराच्या सवयीने त्याने त्यावर हलकेच हातोडा मारला. चुरा!

"पापड छान भाजलास," मी म्हणाले.

दुसरा त्याने तात्यांना दाखवला. तात्या त्याचे गुरू. "बघू" म्हणत त्यांनीही हातोडाच मारला! वर म्हणाले, "वाकत नाही ते सोनं कसलं?"

"तुम्ही तरी कुठे वाकता, तात्या?" सुधीर म्हणाला.



शेवटी सुधीरने हातोडा फडक्यात बांधून ठेवला, पिवळ्या सोन्याच्या कोंदणात जांभळा तुकडा खड्यासारखा बसवला. एक टॉप झाला. दुसऱ्याचं कोंदण तयार, तुकडाही घासून तयार. "उद्या बसवतो," म्हणाला. उद्या फोन आला.

तेराव्यानंतर तात्या दुकानात आले. "आण गं, मी बसवून देतो." सुधीरच्या जागेवर बसले, चष्मा पुसला, तुकडा कोंदणात ठेवला. उजवा हात आपोआप हातोड्याच्या फडक्याकडे गेला, गाठ सोडू लागला. मग थांबला. आम्ही दोघंही त्या हाताकडे बघत राहिलो.

"चहा टाक," तात्या म्हणाले.

मी चहा टाकला. दुसरा टॉप अजून बसवायचा राहिला आहे.