टावेलाखालचा सौदा

लघवीच्या पिशवीच्या गोष्टी कोणी घरी जाऊन सांगत नाही. जेवताना तर नाहीच. त्यामुळे त्या वॉर्डातच साठत जातात. मी जुन्नरकडच्या एका लहान दवाखान्यात मावशीचं काम करते. डबा खाताना शबाना सिस्टर आणि मी मात्र नेमक्या याच गोष्टी बोलतो. त्यातल्या आबांच्या तेवढ्या सांगते.

*

आबा बेल्ह्याचे. बैलबाजारात जन्मभर दलाली केलेली. दोघांच्या हातांवर टावेल टाकायचा आणि खाली बोटं दाबून भाव ठरवायचा, बघणाऱ्याला काही कळू द्यायचं नाही. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, लघवीला नळी लागली. पलंगाच्या कडेला पिशवी आली, पण टावेल खांद्यावरून हलला नाही.

निमगाव सावाहून पावणे आले की त्यांचा मुलगा दत्ता पिशवी उचलून गादीवर ठेवायचा आणि वर तोच टावेल टाकायचा. एकदा सिस्टरनी पाहिलं.

"दत्ताभाऊ, पिशवी खाली. वर ठेवली की आतली घाण परत पोटात जाते."

"पावण्यांम्होरं बापाचं असलं उघडं टांगू का, सिस्टर?"

आबा मधेच म्हणाले, "पाटाचं पाणी कधी चढाला गेलंय का? येडगावच्या कालव्याला इचारा."

"चढ कुठला, आबा? पिशवी वर गेली की तुम्हीच उताराला."

आबांनी सिस्टरकडे नीट बघून घेतलं. "ही बाई बाजारात असती तर आमचं पोट भरलं नसतं."

पण दत्ताचंही खोटं नव्हतं. मी घरी जुन्या परकराची खोळ शिवली, नाडी लावून. पिशवी खाली लटकली आणि झाकलीही गेली. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या आजींनी मला बोलावलं. "आमच्या पिशवीला न्हाई का गं? आमी काय वाऱ्यावर पडलोय?"

तेव्हापासून माझ्या घरात जुना परकर टिकत नाही.

*

दत्ताची टोमॅटोची शेती, सगळी ठिबकवर. एका दुपारी आबांच्या पिशवीत लघवी उतरेना. सिस्टर दुसऱ्या पेशंटजवळ होत्या. दत्तानं नळीचा जोड उपसला, तोंडाला लावला आणि जोरात फुंकला.

"अहो, काय करताय?" मी म्हणाले.

"तुंबली व्हती. रानात आमी असंच करतो."

नळी तुंबलेली नव्हतीच. आबांच्या मांडीखाली दबली होती. सिस्टरनी नळी, पिशवी दोन्ही बदलल्या आणि दत्ताला शांतपणे सांगितलं, "जोड कधीही उघडायचा नाही. जंतूंना तेवढी वाट पुरते."

त्या दिवशी सगळा वॉर्ड हसला. मीही हसले.

*

मग आबांना हुडहुडी भरली. अंगात ताप चढला, आणि लघवीतून विष अंगात भिनायला लागलंय असं डॉक्टरसर म्हणाले. आबा दत्तालाही ओळखेनात. टावेल पुढं धरून कोणाला तरी बैल विकत होते.

"नाय, येवढ्याला नाय देत. लई कष्टाचं जनावर हाय."

दत्ता म्हणाला, "तो बैल मी शाळेत जायच्या आधीच गेला."

आजूबाजूच्या पलंगांवरची बोलणी बंद झाली. दत्ता माझ्याकडे न बघता म्हणाला, "मावशी, माझ्याच फुंकरीनं झालं ना?"

मी आबांच्या कपाळावरची पट्टी बदलली. सिस्टर म्हणाल्या, "नळी आहे तोवर कोणाच्याही हातानं होऊ शकतं. आपण हात धुवायचे आणि ती लवकर काढायची. एवढंच आपल्या हातात."

दत्ता उठला तो बेसिनपाशी जाऊन उभा राहिला. साबणानं हात धुतल्याशिवाय तो कोणाला आबांजवळ जाऊ देईना. आबांचे मेव्हणे चिडले.

"अरे, मी सख्खा मेव्हणा हाय!"

"मग दोनदा धुवा."

*

इंजेक्शनं लागू पडली. आबा माणसात आले. त्यानंतर रोज राउंडला सिस्टर विचारायच्या, "सर, यांना नळी अजून लागते का?"

सर विचारात पडायचे. काढल्यावर लघवी अडली तर पुन्हा घालावी लागणार. आबांची सून मंदा म्हणायची, "राहू द्या ना, सर. घरी नेल्यावर दर वेळी मी एकटी कशी उठवू त्यांना?" तिचंही खरं होतं. पण असा ताप पुन्हा आला तर आबा त्यातून उठणार नाहीत, हे सरांनीच दाराशी दत्ताला सांगितलं होतं. पलंगावरून आबांनी ते ऐकलंच; दलालाचा कान, तो काय दाराशी थांबतो?

एका सकाळी सर पुन्हा म्हणाले, "आणखी थोडे दिवस बघू."

आबांनी खांद्यावरचा टावेल काढला. "सर, हात द्या."

सरांनी हात पुढं केला.

"आधी धुवा."

सर बेसिनवर जाऊन हात धुऊन आले. आबांनी दोघांच्या हातांवर टावेल टाकला. टावेल हलला, थांबला, पुन्हा हलला. सरांनी मान हलवून नाही म्हटलं. आबांनी हात सोडला नाही. आबांची नजर सरांच्या तोंडावर, सरांची टावेलावर. बऱ्याच वेळानं टावेल स्थिर झाला.

"सिस्टर," सर म्हणाले, "नळी काढा."

नळी निघाली. दुपारपर्यंत आबांना लघवी झाली नाही. मंदानं आणि मी दोन्ही खांद्यांना धरून त्यांना बसतं केलं, दत्तानं भांडं धरलं. मंदा बेसिनशी गेली आणि लहान पोराला शू करवताना सोडतात तसा तिनं नळ बारीक सोडला.

थोड्या वेळानं मंदानं नळ बंद केला, तरी आवाज येतच राहिला.

"घरी नेशील आता?" आबांनी तिला विचारलं.

मंदा पदर तोंडाला लावून हो म्हणाली.

संध्याकाळच्या राउंडला दत्तानं सरांना गाठलं. "सर, सौदा कितीवर ठरला?"

सरांनी आबांकडे पाहिलं. आबांनी टावेलाची घडी घालून ती खांद्यावर टाकली. सर बेसिनकडे हात धुवायला गेले.